उलगम्मै येईपर्यंत

पुरट्टासी ६, रविवार

आज दुपारी ह्यांनी मला विचारलं, "तू कोण?"

कॉफीचा पेला हातात देऊन मी वळले, तेवढ्यात मागून आवाज आला. झोपाळा थांबवून माझ्याकडे बघत होते. मी हसले. म्हटलं, "मी कोण म्हणजे? उलगम्मै."

"नाव नको सांगू," म्हणाले. "तू कोण? इथे कशाला आलीस?"

 लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. हे तमिळचे मास्तर. निवृत्त झाल्यावर तेन्काशीचं घर सोडून इथे तिरुवण्णामलैला डोंगराच्या पायथ्याशी येऊन राहिलो, त्यालाही बारा वर्षं झाली. दर रविवारी चार वाजता आमच्या ओट्यावर तीस-चाळीस माणसं जमतात आणि हे त्यांना हाच प्रश्न विचारतात. लोक मद्रासहून गाडी करून येतात तेवढ्यासाठी. मी दाराआडून ऐकते आणि मग पेले विसळते. मला कधी विचारला नव्हता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, तेन्काशीलाही चार माणसं ऐकायला येत तेव्हा, मीच एकदा धीर करून म्हटलं होतं, तुम्ही लोकांना सांगता ते मलाही शिकवा की. तर म्हणाले, "आधी रसमात मीठ किती घालायचं ते शीक."

ते मी विसरलेले नाही. हे आता लिहिताना कळलं.

 पदर सावरून नुसती उभी राहिले. मग ते झोपाळा हलवायला लागले आणि रस्त्याकडे बघत बसले. उत्तराची घाई करू नका, असं लोकांनाही सांगतात.

त्यांच्या कपाटातून एक कोरी वही काढली आहे. काही सापडलं तर इथे लिहीन. न सापडलं तरी लिहीन.

पुरट्टासी ९

रीत मला पाठ आहे. जे दिसतं ते तू नव्हेस, कारण बघणारा बघितलेल्या वस्तूहून वेगळा. हात दिसतो, म्हणून मी हात नव्हे. गुडघा दुखतो ते कळतं, म्हणून मी गुडघाही नव्हे, बरं झालं. राग येताना दिसतो, जाताना दिसतो. विचार तसेच. मग हे सगळं कुणाला दिसतं? तिकडे वळायचं. आणि वळलं की तिथे माझा एक आणि तुझा एक असे दोन बघणारे नसतात म्हणे. एकच असतो, आणि हे सगळं जग त्याच्यावरच उमटलेलं.

जग खरं नाही हे सांगताना हे घराकडे बोट करून म्हणायचे, "पण करू काय, माझ्या घरात साक्षात उलगम्मै बसलीये, जगाची आई! ती खरी नाही म्हटलं तर जेवायला कोण घालील?" लोक पोट धरून हसायचे. बऱ्याच महिन्यांत हा विनोद केलेला नाही.

आज तांदूळ निवडताना करून पाहिलं. खडा मी नव्हे, तूस मी नव्हे, तांदूळ तरी मी कुठे? निवडून झाले. निवडणारी काही सापडेना. जरा वेळ खरंच सापडेना. मग कुकरची शिट्टी झाली आणि पळाले.

पुरट्टासी १३, रविवार

आज हे बोलता बोलता थांबले. "जागेपणी जो असतो तोच झोपेतही…" एवढं म्हणाले आणि पुढे काही नाही. ओठ उघडे, हात हवेत. ओट्यावर छत्तीस माणसं. कावळा ओरडला तेवढाच. वीस मिनिटं तरी गेली असतील. पुढच्या रांगेतल्या दोन बायका रडायला लागल्या.

नल्लशिवम नंतर आत आले. बँकेत मॅनेजर होते. आठ वर्षं ह्यांचा शब्द न् शब्द लिहून घेतात, ह्यांना अय्या म्हणतात. त्यांचे डोळेही ओले. म्हणाले, "अम्मा, अय्यांनी आज शब्द टाकून दिले. आता ते मौनातून शिकवणार. आपलं भाग्य!"

लोक गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ही सगळी कोण होती?"

मी म्हटलं, "तुमचीच माणसं."

"माझी?" म्हणाले, आणि हाताकडे बघत राहिले.

पुरट्टासी १९

हे लिहावं की नको असं झालं आहे.

जेवायला पान मांडलं तर हे मागच्या खोलीतून आले आणि म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला दिलंस का?"

"कुठल्या म्हाताऱ्याला?"

"आतल्या. बिचारा बोलत नाही. मी बघितलं की बघतो, मी गेलो की जातो."

हातातली पळी तशीच राहिली. आत कुणीच नव्हतं. मागची खोली म्हणजे पलंग, कपाट आणि पुस्तकं. पण आतमध्ये एक आहे जो काही करत नाही, खात नाही, फक्त बघतो, हे ह्यांच्याच तोंडून शेकडो वेळा ऐकलं आहे. मी ते शब्द समजत होते. ह्यांना तो दिसायला लागला!

दुसरं केळीचं पान मांडलं. भात वाढला, वर तूप घातलं. हे निवांत जेवले. त्या पानासमोर बसायची मला हिंमत झाली नाही. संध्याकाळी ते उचलून गायीला घातलं. तिनेही आधी हुंगून पाहिलं.

ऐप्पसी २

सकाळी फुलं घेऊन आले तर घरभर गॅसचा वास. शेगडी उघडी, ज्योत नाही. हे शेजारीच पाटावर बसलेले, शांत. खिडक्या उघडल्या, ह्यांना ओढत ओट्यावर आणलं. ओरडले. ते म्हणाले, "कुणावर ओरडतेस?"

ज्याने देह आपला मानलाच नाही त्याला गॅसची भीती कशी असणार, असं मनाला समजावलं. मन काही समजलं नाही. आता बाहेर जाताना सिलिंडरचं बटण बंद करून जाते.

दुपारी कोइंबतूरहून कांतिमतीचा फोन. "अम्मा, परवा अप्पांनी फोन उचलला आणि मला म्हणाले, बाई, तुमचा नंबर चुकला. पोटच्या पोरीला!"

"ते आता अशा नात्यांच्या पलीकडे गेलेत."

"अम्मा, तू त्यांना डॉक्टरकडे ने."

"तू दोन बुकं जास्त शिकलीस म्हणून बापाला वेडा ठरवू नकोस."

तिने फोन ठेवला. मी वाईट बोलले. पण एकेचाळीस वर्षांनी माझ्या वाट्याला काही आलं आहे, आणि पोर म्हणते औषध द्या.

ऐप्पसी ८

पावसाने दुपारीच अंधारून आलं होतं. शेवग्याच्या शेंगा चिरत बसले होते. नेहमीसारखं विचारलं, हे कोण बघतंय? आणि एकदम काहीतरी सुटलं. दोन हात शेंगा चिरत होते. ते कुणाचे नव्हते. पावसाचा आवाज होता, तो ऐकणारं कुणी नव्हतं. आवाज आपला आपण होता. घर तसंच, विळी तशीच, फक्त मी नव्हते. किती वेळ, ठाऊक नाही.

मग एका बोटातून रक्त आलेलं दिसलं. शेंगांवर लाल थेंब. "आई गं" हे बऱ्याच उशिराने आलं, आणि तेही कुणीतरी शेजारच्या घरात ओरडावं तसं.

फुलवाली पेचियम्मा ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "अक्का, कवाधरनं हाका मारतेय. डोळे उघडे ठेवून झोपतेस होय? तुमच्या घरात एक ध्यान पुरे होतं, आता दोन झाली!"

मी हसले. बोटाला चिंधी बांधली. ह्यांना सांगावंसं वाटलं. सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू कोण?"

बरोबरच आहे. अजून संपलेलं नाही.

ऐप्पसी ११, रविवार

आज माणसं बावन्न. हे काही बोलले नाहीत. मी पाणी ठेवायला गेले तर सगळ्यांसमोर माझा पदर धरला आणि म्हणाले, "अम्मा, पाटी कुठाय? शाळेला उशीर झाला."

 नल्लशिवम तिथल्या तिथे माझ्या पाया पडले. म्हणाले, "बायकोतही ज्याला जगन्माता दिसते…"  मग बाकीचेही आले, रांगेने. बावन्न माणसं माझ्या पाया पडली. मी उभी. पदर ह्यांच्या मुठीत.

मूठ फार घट्ट होती. लहान मूल अंधारात धरतं तशी.

ऐप्पसी २२

न्हाऊन बाहेर आले तर हे दारात छत्री उगारून उभे.

"कोण तू? घरात कशी शिरलीस?"

मी म्हटलं, "अहो, मी."

"मी मी करू नकोस! माझी बायको कुठे आहे? तिला काय केलंस?"

डोळे असे कधी पाहिले नव्हते. त्या डोळ्यांत मी नव्हते. भिंतीकडे बघावं तसे बघत होते, आणि त्या भिंतीला घाबरत होते. ओल्या केसांचं पाणी पाठीवरून उतरत होतं. मला वाटलं, विचारावं: खरंच, कुठे आहे ती? दीड महिना मीच तर तिला शोधते आहे. हात नव्हे, नाव नव्हे, मन नव्हे, असं करत करत एकेक काढून टाकलं. काढताना ती कधी गेली असेल तर?

मी म्हटलं, "बाजारात गेली असेल. येईल हो."

छत्री खाली आली. "येईल ना?"

"येईल."

झोपाळ्यावर बसले. मला म्हणाले, "मग तूही बस." मी बसले, टोकाला, परक्या बाईने बसावं तशी. झोपाळा हळूहळू हलत होता.

जरा वेळाने आपणहून बोलायला लागले. "ती चांगली आहे. फार बोलत नाही. दाराआडून ऐकते, तिला वाटतं मला कळत नाही. ह्या सगळ्या लोकांपेक्षा तिला जास्त कळतं. मी तिला काही शिकवलं नाही."

"का नाही शिकवलं?"

 "लाज वाटायची. ती मला रोज बघते ना. तिला कसं सांगणार, मी देह नव्हे म्हणून? माझे पाय तीच चेपते." मग म्हणाले, "आली की सांगायचंय तिला."

"काय?"

"ते तिलाच सांगणार. तुला कशाला?"

आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो. हे रस्त्याकडे बघत होते, मीही. वळणावरून निळ्या लुगड्यातली कुणीतरी बाई येताना दिसली, आणि देवाशपथ सांगते, मी झोपाळ्यावरून अर्धी उठले. ती आली तर मी कुठे जाऊ?

ती बाई पुढे निघून गेली.

फाटक वाजलं. पेचियम्मा. "अक्का, आज जाई चांगली आहे. घेतेस ना, उलगम्माक्का?"

ते नाव ऐकताच हे वळले. माझ्याकडे बघितलं आणि चेहरा उजळला. "आलीस? केवढा उशीर!"

"काय सांगायचं होतं?" मी विचारलं.

"कुणाला?"

ऐप्पसी २३

वही उघडली. लिहिणारी कोण हे न कळता लिहायला भीती वाटते. आज नको.

कार्तिगै ५

नल्लशिवम आले. डोंगरमाथ्यावर ज्योत लावतात त्या दीपाच्या दिवशी मंडपम भाड्याने घेतला आहे, चारशे खुर्च्या. मंचावर अय्यांनी नुसतं बसायचं. त्यांच्या मौनावरचं पुस्तकही त्याच दिवशी बाहेर पडणार.

मी म्हटलं, "त्या दिवशी गावात लाखो माणसं असतात. हे गर्दीला घाबरतात हल्ली."

"अम्मा, घाबरतं ते मन. अय्यांना मन उरलंय कुठे?"

 खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. चारशे माणसं ह्यांच्यासमोर बसलेली. मी नाही म्हणू शकले असते.

मागच्या खोलीतून आता बोलणं ऐकू येतं. हे विचारतात, थांबतात, पुन्हा विचारतात. थांबतात तेव्हा मी श्वास धरून ऐकते.

कार्तिगै १८

काल दीपम होता. सावकाश लिहिते.

दुपारी तीनला ह्यांना मंचावर बसवलं. नवी वेष्टी नेसवलेली, कपाळभर विभूती. चारशे माणसं डोळे मिटून. मी बाजूला. नल्लशिवम प्रास्ताविक करत होते. मी पाणी आणायला मागे गेले, दोन मिनिटं, तीन असतील. परत आले तर खुर्ची रिकामी. सगळे डोळे मिटूनच बसलेले. ते रिकाम्या खुर्चीसमोर बसले होते आणि कितीजणांच्या गालांवर पाणी होतं.

मी ओरडले. "गेले!" तरी पहिल्या रांगेतला एक माणूस डोळे न उघडता म्हणाला, "गेलेच आहेत, अम्मा."

बाहेर धावले. गिरिप्रदक्षिणेच्या रस्त्यावर माणसांची नदी. प्रत्येक म्हातारा पांढऱ्या वेष्टीतला, प्रत्येकाच्या कपाळावर विभूती. मी एकाचा हात धरला, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. सगळे वळून बघत आणि सगळे त्यांच्यासारखे दिसत. एकच आहे, दोन नाहीत, हे मी किती वेळा ऐकलं होतं. काल ते डोळ्यांनी पाहिलं आणि किंचाळायची बाकी राहिले. मला तो एक नको होता. मला माझा हवा होता.

भोंग्यावर हरवलेल्यांची नावं पुकारत होते. नल्लशिवम चपला न घालता पळत होते, माझ्यापेक्षा जास्त रडत. दोन तास गेले.

पोलिसांच्या मांडवाशी एक शिपाई म्हणाला, हरवलेल्या मुलांच्या शेडमध्ये बघा. मी म्हटलं, "बाबा, माझा मुलगा नाही, नवरा आहे." तो म्हणाला, "तरी बघा."

ताडपत्रीवर चार पोरं आणि हे. पोरांच्या मनगटाला कागदी पट्ट्या, त्यावर नाव आणि बापाचा फोन. ह्यांच्याही मनगटाला पट्टी होती. कोरी.

पोलीसबाई पोरगेलीच होती. म्हणाली, "हे तुमचे का आजी? नाव विचारलं तर ठाऊक नाही, गाव विचारलं तर ठाऊक नाही. शेवटी मी म्हटलं, आजोबा, तुम्ही कुणीतरी असाल की नाही? कोण आहात तुम्ही? तर हे असे रडायलाच लागले बघा. ती बारकी पोर त्यांना बिस्किट देतेय मघापासून."

हे रडत होते. नाक वाहत होतं. तोंडाशी बिस्किटाचा चुरा. दर रविवारी लोकांना जो प्रश्न विचारायचे तो त्यांना कुणीतरी विचारला होता, आणि त्यांच्याजवळ काही नव्हतं. मौन नव्हतं, शांती नव्हती. नुसती भीती. मी ती भीती ओळखली. छत्री उगारली तेव्हा हीच होती. पदर धरला तेव्हाही. पहिल्या दिवशी, कॉफीचा पेला हातात असताना, हीच होती. मी तिला दुसरंच काहीतरी समजले.

"तुम्ही यांच्या कोण?" पोलीसबाईने वहीत लिहायला पेन उचललं.

"बायको," मी म्हटलं.

शोधावं लागलं नाही.

तेवढ्यात डोंगराच्या माथ्यावर ज्योत लागली आणि लाखो माणसांनी एकदम हाक दिली. जमीन हादरली. हे माझ्या कुशीत शिरले आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मी दीप पाहिला नाही.

कार्तिगै २६

वेलूरचे डॉक्टर. कांतिमती आली आहे, एक शब्दही बोलून दाखवला नाही. दाखवला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "आज वार कोणता?"

हे म्हणाले, "वार मनाला असतात."

डॉक्टर हसले. "हे गाव कोणतं?"

"जिथे तुम्ही आहात तेच."

मग माझ्याकडे बोट करून, "ह्या कोण?"

हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ह्यावर शिकवलेलं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं.

मेंदूचा फोटो दाखवला. आखडलेल्या अक्रोडासारखा. दोन-तीन वर्षांपासून चाललं असणार, म्हणाले. मागच्या खोलीतल्या बोलण्याबद्दल सांगितलं, तर घरात मोठा आरसा आहे का, विचारलं. आहे, कपाटाच्या दाराला, मागच्या खोलीत. "आरशातला माणूस त्यांना परका वाटत असेल. झाकून टाका."

घरी आल्याबरोबर झाकला. ज्याला मी पान वाढलं होतं तो कोण, ते कळलं.

मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. कांतिमती दाराशी आली. म्हटलं, "मला त्यांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता गं. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून विचारलं. एवढंच होतं."

ती शेजारी बसली. म्हणाली, "तू काय उत्तर दिलंस?"

"शोधत होते."

"मग ते शोधणं खोटं होतं का?"

ही पोर कधी अशी बोलायला लागली कोण जाणे.  शेवग्याच्या शेंगांची दुपार आठवली. ती खोटी होती असं म्हणता येत नाही. खरी होती म्हणायलाही भीती वाटते. माझ्याही डोक्यात तसलाच अक्रोड असेल तर? डॉक्टरांना विचारायला हवं होतं. तिथे सुचलं नाही.

मार्गळी १, रविवार

चारला माणसं आली. मी ओट्यावर गेले. आजवर दाराच्या ह्या बाजूला येऊन कधी बोलले नव्हते. म्हटलं, "ह्यांना आजार आहे. विसरण्याचा. मौन नव्हतं ते. आता इथे कुणी बसायला येऊ नका."

कुणी हललं नाही. नल्लशिवम उभे राहिले. "डॉक्टरांना काय कळतं, अम्मा? मोठमोठ्या ज्ञान्यांना लोकांनी वेडं म्हटलंय."

"ज्ञानी बिस्किटासाठी रडत नाही, नल्लशिवम."

त्यांचा चेहरा पडला. खाली बसले. मग म्हणाले, "आणि त्या दिवशी वीस मिनिटं मला जे झालं? आयुष्यात पहिल्यांदा आतलं सगळं थांबलं होतं. ते काय एका आजाऱ्याच्या तोंडाकडे बघून?"

मला त्यांची दया आली. मलाही तोच प्रश्न होता. म्हटलं, "झालं ते तुमचं तुम्हाला झालं. ते ह्यांनी दिलं नाही, आता हे काढूनही घेणार नाहीत. पुस्तक मात्र जाळा."

"पाचशे प्रती आहेत."

"मग पाचशे जाळा."

जाताना त्यांनी ह्यांना नमस्कार केला. ह्यांनीही उठून, अगदी वाकून, नल्लशिवमना नमस्कार केला. ओळख नव्हतीच, शाळेत हेडमास्तर आले की करायचे तसा.

मार्गळी ११

सकाळी साडेपाचला दारात तांदळाच्या पिठीचा कोलम काढत होते. मार्गळीत मोठा काढायचा असतो. धुकं एवढं की डोंगर दिसत नव्हता, समोरचं घरही नाही. हे ओट्यावर शाल पांघरून बसलेले. कांतिमती आत झोपलेली.

ठिपके घातले. रेघ सुरू केली. हल्ली मी काही विचारत नाही स्वतःला. सोडून दिलं आहे. पण चौथ्या-पाचव्या ठिपक्याला ते आपणहून झालं. चिमूट होती, पिठी पडत होती, रेघ ठिपक्याला वळसा घालून पुढे जात होती. थंडी होती. धुकं होतं. कुणी नव्हतं. ह्या वेळी भीतीही नव्हती, कारण ती वाटायला कुणी लागतं.

मागून ह्यांचा आवाज आला. धुक्यात त्यांना काही दिसत नसावं. आवाज घाबरलेला, कापरा.

"कोणी आहे का?"

"आहे," उत्तर गेलं.

शाल सारखी केल्याची चाहूल आली. "बरं," ते म्हणाले.

रेघ पुढे निघाली.